हरणीचा माग

पद्मिनीबाई हरणाच्या शिकारीला निघाल्या आहेत, हे अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या भजनी मंडळात आधी कोणाला खरंच वाटेना. ज्या बाई केकमध्ये अंडं आहे का, हे तीनतीनदा विचारतात आणि नाही म्हटलं तरी बशी बाजूला सारतात, त्या बंदूक घेऊन रानात? बंदूक त्यांची नव्हती, लेकीची होती. पण बाई निघाल्या होत्या एवढं खरं. आणि मनाशी काय ठरवून निघाल्या आहेत, हे त्यांनी नवऱ्याला, विनयरावांनाही सांगितलं नव्हतं.

लेक नैना. वय एकतीस, जनावरांची डॉक्टर. स्वतःचं घर, स्वतःचा ट्रक आणि गेले तीन हिवाळे स्वतःची बंदूक. आठवडाभर लोकांची कुत्री-मांजरं जगवायची आणि सुट्टी मिळाली की हरणं मारायची, हे गणित पद्मिनीबाईंच्या डोक्यात कधी बसलंच नाही. नैना समजावायची, "आई, दुकानातल्या कोंबड्या कुठे आणि कशा वाढवतात ते मी कॉलेजात बघितलंय. आय कान्ट ईट दॅट. हे हरीण निदान मोकळं जगलेलं असतं. एक मारते, वर्षभर तेच खाते." ह्यावर आईचं उत्तर ठरलेलं, "मग भाजी खा." तीन वर्षांत वाद ह्या दोन वाक्यांच्या पुढे सरकला नव्हता. फक्त पद्मिनीबाई लेकीच्या घरी जेवायच्या बंद झाल्या होत्या, आणि दोघींनाही ते लागलं होतं.

ह्या डिसेंबरात नैनाची शिकारीतली जोडीदारीण मेगन बर्फावरून घसरून पाय मोडून बसली. "एकटी जायचं नाही," विनयराव म्हणाले. त्यांची स्वतःची पाठ अशी की बुटाची नाडी बांधायलाही बायको लागते. तेव्हा चहा गाळता गाळता पद्मिनीबाई म्हणाल्या, "मी जाते."

बापलेक दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. नैनाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो बघून पद्मिनीबाईंना क्षणभर अपराधी वाटलं. पण त्यांचा निश्चय पक्का होता. पोरगी रिकाम्या हातांनी घरी आली पाहिजे. एक हंगाम फुकट जाऊ दे, मग दुसरा जाऊ दे, कंटाळून सोडेल आपोआप. सरळ सांगून ऐकत नाही ना, मग आडवाटेने जाऊ.

नैनाने सूचना दिल्या. डोक्यापासून कमरेपर्यंत भडक नारिंगी घालायचं, म्हणजे दुसरा शिकारी चुकून आपल्यावर बार टाकणार नाही. हरणाला तो रंग उठून दिसत नाही, पण त्याचं नाक फार तिखट. म्हणून बिनवासाचा साबण, आणि तेल, पावडर काही नाही. तिने आईच्या पिशवीतून गुडघ्याला चोळायचा बाम काढून ठेवला, लिंबाच्या लोणच्याची बाटली काढून ठेवली, मेथीचे पराठे हुंगून बघितले आणि तेही काढून ठेवले. "अगं, मग खायचं काय?" "केळं." पद्मिनीबाईंनी गरीब गाईसारखी मान हलवली. मग देवघरातल्या डबीतल्या चार कापराच्या वड्या रुमालात बांधून त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात टाकल्या. शत्रूचं हत्यार शत्रूनेच दाखवून दिलं होतं.

पहाटे निघून दोन तास पश्चिमेला गेल्यावर सरकारी रान लागलं. गुडघ्याखालपर्यंत बर्फ, पानं झडलेले ओक, आणि श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतील अशी थंडी. एका उतारावर नैनाने छोटासा तंबू उभारला. त्याला समोर तेवढी एक खिडकी. आत दोन घडीच्या खुर्च्या टाकून मायलेकी दबा धरून बसल्या. डिसेंबरातल्या ह्या शेवटच्या हंगामात ठासणीच्या बंदुकीलाच परवानगी असते. नळीत दारू ओतायची, वरून गोळी गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची. एक बार उडाला की पुन्हा हे सगळं करेपर्यंत हरीण पसार. "म्हणून वन शॉट," नैना कुजबुजली. "खांद्याच्या मागे, काळजात. दहा पावलं जातं आणि पडतं. खात्री नसेल तर मी मारतच नाही. मागच्या वर्षी दोन सोडली."

सकाळ गेली, दुपार आली. पद्मिनीबाईंनी इतका वेळ गप्प बसण्याचा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग असावा. कापूर खिशात आपलं काम चोख करत होता आणि त्यांना मनातून गंमत वाटत होती. लेकीकडे त्या चोरून बघत होत्या. एरवी पायाला चाकं असलेली ही मुलगी इथे नुसती बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हिंसेचं काहीही नव्हतं. हे त्यांना फारसं आवडलं नाही.

तीनचा सुमार असेल. उतारावरच्या झुडपांतून एक हरणी बाहेर आली. राखाडी-तपकिरी, मोठाल्या कानांची, प्रत्येक पाऊल जपून टाकणारी. पद्मिनीबाईंनी कापरावर हवाला ठेवला. पण वारा हरणीकडून ह्यांच्याकडे वाहत होता, आणि कापराचा सगळा दरवळ मागच्या मागे रिकाम्या रानात चालला होता. हरणी चरत चरत जवळ आली. थांबली. आडवी झाली. नैनाने बंदूक खांद्याला लावली, घोडा मागे ओढला, श्वास अर्धा सोडला.

पद्मिनीबाईंनी पायाशी ठेवलेल्या स्टीलच्या थर्मासला बुटाची जोरात लाथ मारली.

थर्मास खुर्चीच्या पायावर ठणकन आदळला, हरणी झर्रकन वळली आणि त्याच क्षणाला बार उडाला. पांढऱ्या धुराने खिडकी भरून गेली. धूर विरला तेव्हा हरणी पाठीची कमान करून, मागचे पाय फेंगडत झाडीत शिरताना दिसली. पडली मात्र नाही. "चुकली," पद्मिनीबाई पुटपुटल्या, आणि त्यांच्या आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

"नाही चुकली," नैना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, थर्मास पडला का तुझ्या हातून?"

"हं," पद्मिनीबाई म्हणाल्या.

नैनाने आधी बंदूक पुन्हा ठासली, मग बर्फात जाऊन बघितलं. पद्मिनीबाई मागोमाग गेल्या. तिथे रक्त होतं, पण थोडंच, काळपट, आणि त्यात हिरवट चोथा मिसळलेला. नैनाने ते बोटावर घेऊन हुंगलं, दवाखान्यात असती तर हुंगलं असतं तसंच. "पोटात लागलीय. काळीज राहिलं, फुप्फुस राहिलं. गोळी पोटातून गेलीय."

"मग? मरेल ना ती?"

"मरेल. पण आत्ता नाही. उद्यापर्यंतसुद्धा लागेल कदाचित. आणि रात्री कायोट येतात. लांडग्यासारखे असतात. ते मरायची वाट बघत नाहीत."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत. हरणी सुखरूप पळून जाईल, लेक चरफडेल, आपण केळं खाऊन घरी जाऊ, असा पद्मिनीबाईंचा हिशेब होता. दहा पावलांत पडणारं जनावर आता रात्रभर तडफडणार होतं, आणि ते त्यांच्या बुटाच्या लाथेने.

"चल मग! लगेच चल!" त्या त्याच पावली माग काढायला निघाल्या. नैनाने त्यांचा दंड धरला. "आत्ता मागे गेलो तर ती भीतीने पळत सुटेल. मैलभर जाईल. मग कधीच नाही सापडणार. तिला वाटलं पाहिजे की मागे कोणी नाही. मग ती बसेल. खरं तर चार तास थांबायला हवं." तिने आभाळाकडे पाहिलं. "पण तेवढा वेळ नाहीये. सूर्यास्तानंतर अर्धा तासच बंदूक चालवता येते. आणि स्नो येतोय."

त्या दोघी तंबूत परत येऊन बसल्या. ती वाट बघणं पद्मिनीबाईंच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. सांगून टाकावं असं दर मिनिटाला वाटत होतं आणि दर मिनिटाला त्या ते पुढच्या मिनिटावर ढकलत होत्या. शेजारी लेक स्वतःलाच बोल लावत होती. "मी थांबायला हवं होतं. शी वॉज अलर्ट. मीच घाई केली." पद्मिनीबाई ऐकत राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि हे त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

पहिले बर्फाचे कण पडायला लागताच नैना उठली. माग स्पष्ट होता. दुखरा गुडघा ओढत पद्मिनीबाई तिच्या पावलांत पाऊल टाकत चालल्या. एका ठिकाणी हरणी बसून उठली होती. तिथला बर्फ वितळून, लाल होऊन पुन्हा गोठला होता. पुढे माग तारेच्या कुंपणाखालून गेला, आणि कुंपणावर पाटी होती. खाजगी जमीन, शिकारीला मनाई.

"चल की," पद्मिनीबाई तार उचलायला वाकल्या. सिग्नल पिवळा झाला की ब्रेक दाबणाऱ्या बाई त्या, पण आता त्यांना धीर नव्हता.

"नाही. परवानगी लागते. विचारून येऊ."

नैनाने बंदुकीची टोपी काढली, बंदूक पिशवीत घातली, आणि ट्रककडे परत येऊन तो वळवून दोघी शेतावरच्या घरापाशी गेल्या. दार एका पांढऱ्या केसांच्या, उंच, हाडापेराने मजबूत अशा बाईने उघडलं. पद्मिनीबाईंच्याच वयाची असेल. नाव मिसेस नॉर्डबी. तिने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाली. गेल्या साली कोणा शिकाऱ्याची गोळी तिच्या गोठ्याच्या भिंतीत घुसली होती. ज्यांना नेम धरता येत नाही, त्यांनी तिच्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही.

"तुमचं बरोबर आहे," नैना इंग्रजीत म्हणाली. "वाईट बार होता. चूक माझी आहे, सगळी माझीच. पण ती जिवंत आहे आणि तिला वेदना होताहेत."

दार मिटायला लागलं होतं. पोर आईचं पाप डोक्यावर घेऊन परक्या दारात मान खाली घालून उभी आहे, हे पद्मिनीबाईंना बघवेना. लाज एका बाजूला आणि लेक एका बाजूला, आणि लेकीचं पारडं क्षणात खाली गेलं.

"नो," त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी चौतीस वर्षं अमेरिकेत राहूनही पुण्याच्या वळणाचं होतं, पण शब्द पक्के होते. "माझी मुलगी बरोबर नेम धरून बसली होती. मी मुद्दाम आवाज केला. थर्मासला लाथ मारली. हरीण पळावं म्हणून. मी मांस खात नाही, मला हे आवडत नाही, म्हणून मी तिला फसवायला आले होते. हा बघा, कापूरसुद्धा आणलाय." त्यांनी रुमाल काढून दाखवला. "आता ते जनावर माझ्यामुळे तुमच्या जमिनीवर तडफडतंय. मला ते शोधायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी बंदुकीशिवाय जाईन, मग पोलीस बोलवा."

मिसेस नॉर्डबी कापराच्या वड्यांकडे बघत राहिली. ही काय भानगड आहे हे तिला कळलं असेल असं नाही. मग तिने नैनाकडे बघितलं, आणि नैनाचा चेहरा बघून आईने सांगितलं ते खरं आहे आणि लेकीला ते आत्ताच कळतंय, एवढं तिला नक्की कळलं. "तळ्याकडे बघा," ती म्हणाली. "पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं. गोठ्याच्या दिशेला बार टाकायचा नाही." आणि तिने दार लावून घेतलं.

ट्रकमध्ये नैना स्टिअरिंग धरून नुसती बसली. "तू मुद्दाम केलंस."

"हो."

"मघाशी तासभर मी स्वतःला ब्लेम करत होते, आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"हो गं."

"तू इथेच थांब, आई. मला तू नको आहेस तिथे."

इतकं उघड आजवर लेक कधी बोलली नव्हती. पद्मिनीबाईंना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. पण त्यांनी दार उघडलं आणि खाली उतरल्या. "नको असेन, ठीक आहे. नंतर महिनाभर बोलू नकोस माझ्याशी. पण दोन डोळे जास्त असलेले बरे. मी येणार." नैनाने बंदूक खांद्यावर टाकली आणि चालायला लागली, आणि पद्मिनीबाई तिच्या मागून निघाल्या.

तळ्याच्या काठाला पाणकणसांचं दाट बन होतं, वाळलेलं, माणसाच्या डोक्याहून उंच. ताज्या बर्फाने जमिनीवरचा माग पुसून टाकला होता. नैना वाकून इकडून तिकडे फिरत होती, पुन्हा मागे येत होती. उजेड पातळ व्हायला लागला. "गेला माग," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला.

"गेला म्हणजे काय? गेला नाही." पद्मिनीबाई गुडघ्यांवर बसल्या. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. मग हातही टेकले आणि त्या चौपाया झाल्या. बर्फ जमिनीवर साचतो, दांड्यांवर नाही. भाजी निवडताना एकेक काडी बघतात तशा त्या पाणकणसांचे दांडे बघत पुढे सरकू लागल्या. हातमोजे ओले झाले, बोटं आधी दुखली आणि मग दुखायची थांबली. नैनाने दोनदा हाक मारली, "आई, उठ, फ्रॉस्टबाइट होईल, बोटं जातील." त्यांनी मान वर केली नाही. देवाचं नावही त्यांनी घेतलं नाही. आपण केलेलं निस्तरायला देवाला बोलावणं त्यांना बरं वाटेना.

एका दांड्यावर, मांडीच्या उंचीवर, काळपट लाल फराटा होता. "नैना." पुढच्यावर आणखी एक. मग दांडे मोडून पडलेले. नैना आता पुढे झाली आणि दोघी आत शिरल्या.

हरणी गोठलेल्या पाण्याच्या कडेला पाय पोटाखाली घेऊन बसली होती. मान ताठ होती. तिने ह्यांना पाहिलं, उठायचा प्रयत्न केला, मागचा भाग उचललाच गेला नाही आणि ती परत बसली. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि प्रत्येक श्वासाबरोबर अंगावर शहारा येत होता. मागे तळं होतं, गोठा दुसऱ्या बाजूला. नैनाने टोपी बसवली, बंदूक वर केली.

आणि ती थांबली.

पद्मिनीबाईंना वाटलं, नेम धरतेय. पण नेम केव्हाच धरून झाला होता, बंदुकीची नळी हलतही नव्हती. लेक डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होती. "आई, तिकडे तोंड कर," ती हळूच म्हणाली. "डोळे मीट. प्लीज. तुला हे बघावं लागू नये." इतकं सगळं झाल्यावर, इतक्या रागात असूनही, पोर आईसाठी थांबली होती. आणि समोर ते जनावर श्वासागणिक थरथरत होतं.

"नाही मिटणार," पद्मिनीबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबू नकोस. मार."

नैनाने त्यांच्याकडे पाहिलं.

"मार नैना. मार तिला आता."

बार झाला. ह्या वेळी धूर वाऱ्याने लगेच बाजूला नेला आणि पद्मिनीबाईंनी सगळं पाहिलं. मान खाली आली, एक पाय दोनदा झटकला, आणि अंगावरचा तो शहारा थांबला. त्या उभ्या राहून रडल्या, मोठ्याने, लेकीच्या देखत. आयुष्यात ज्या गोष्टीचं नाव घेताना त्यांनी नाक मुरडलं, तीच करायला त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ह्याचंच रडू जास्त आलं.

नैनाने सुरी काढली. आतडी इथेच काढायला हवीत, नाहीतर सगळं मांस खराब होईल. एरवी मेगन मागचा पाय धरते. नैनाने आईकडे बघितलंही नाही, पाय स्वतःच्या गुडघ्याने दाबून धरायला लागली. पद्मिनीबाईंनी ओले हातमोजे काढून टाकले, पुढे येऊन पाय धरला. खुराच्या वरचा तो बारीक पाय अजून गरम होता, आणि त्यांच्या बधिर बोटांना त्याची ऊब लागली. वास सहन होत नव्हता. त्यांनी तोंडाने श्वास घेतला आणि पाय सोडला नाही.

"मी हे खाणार नाही," त्या म्हणाल्या. "कधीच खाणार नाही."

"आय नो."

नैनाने आतडी बाहेर ओढून बर्फावर टाकली. मग नैना म्हणाली, "तू तिला वाचवायला बघत होतीस. मला राग आलाय, खूप आलाय, बट आय गेट इट."

"तिला नाही गं," पद्मिनीबाई म्हणाल्या. हे त्यांनाही बोलता बोलताच कळत होतं. "तिला वाचवायचं असतं तर तुझी बंदूकच धरली असती, सरळ भांडले असते तुझ्याशी. मला फक्त बघायला लागू नये एवढंच हवं होतं. तू हे करतेस ते माझ्या डोळ्यांसमोर नको होतं. वाचवत होते ते मला."

नैनाने सुरी पुसून म्यानात घातली. तिने बाहीने नाक पुसलं आणि दोराचा फास हरणीच्या मानेत अडकवला. शेतातून ट्रकपर्यंत लांबचं अंतर होतं आणि बर्फ आता दाट पडत होता. "तुझा गुडघा," ती म्हणाली.

"असू दे," म्हणत पद्मिनीबाईंनी दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं, आणि लेकीने एक-दोन-तीन म्हटल्यावर दोघींनी मिळून ओढायला सुरुवात केली.